मिजेट शर्यतीला उभी करताना : कामाच्या नोंदी

गाडी एमजी मिजेट मार्क ३, १९७० सालची. १२७५ सीसीचं ए-सिरीज इंजिन, कारखान्यातून निघताना ६५ अश्वशक्ती, वजन साधारण ७०० किलो. हिची बहीण ऑस्टिन-हीली स्प्राइट १९५८ मध्ये आली, मिजेट १९६१ मध्ये, आणि दोघी ॲबिंग्डनच्या कारखान्यातच तयार व्हायच्या. काम चाललंय कॉव्हेंट्रीत, घरामागच्या एका गाडीच्या गॅरेजमध्ये. उतरायचंय ते हौशी लोकांच्या स्प्रिंट (छोट्या ट्रॅकवरची शर्यत) आणि हिल क्लाइम्ब (चढावरची शर्यत) यांमध्ये. तिथे एका वेळी एकच गाडी सुटते आणि फक्त तिची वेळ मोजतात. जुनी छोटी गाडी घेऊन या खेळात शिरायचा विचार असलेल्या मराठी मंडळींसाठी या नोंदी ठेवतोय. ताकद कशी वाढवायची हे कुणीही सांगतं. गाडी दिवसभर टिकवायची कशी, हे सांगणारे कमी भेटतात, म्हणून माझा भर त्यावर राहील.

४ नोव्हेंबर

गाडी घरी आली. २,८०० पौंड, वर ट्रेलरचं भाडं ९०. इंजिन हाताने फिरतं, चालू होत नाही. रंग बरा दिसतो.

रंगावर जाऊ नये. चुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवला. दाराखालची पोकळ पेटी, म्हणजे सिल, दोन्ही बाजूंना पुढच्या टोकाला चुंबक धरेना. वर भरलेली लांबी (पुटी) खरवडली तर आत रिव्हेट मारून बसवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा निघाला आणि त्याच्यामागे हाताने चुरा होईल इतका गंज. मिजेटला वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी, आणि उघडी गाडी असल्यामुळे छपराचा आधारही नाही. सगळा पीळ या दोन सिल आणि मधला बोगदा सहन करतात. सिल कुजलेली असताना इंजिनला हात लावण्यात अर्थ नाही.

१९ नोव्हेंबर

सिल कापायच्या आधी दाराच्या चौकटीत चौकोनी नळीचा आडवा आधार टाचून घेतला, दोन्ही बाजूंना. दारं बसवलेलीच ठेवली आणि प्रत्येक फट तीन ठिकाणी मोजून भिंतीवर खडूने लिहून ठेवली. आधार न देता सिल कापली की बॉडी मधोमध खाली बसते, मग नवी सिल त्या बसलेल्या आकारातच जोडली जाते आणि दार पुन्हा कधी लागत नाही. बाजारात अशा गाड्या बऱ्याच आहेत. विकत घेताना दार आणि मागच्या चाकावरच्या पत्र्यामधली फट वर-खाली सारखी आहे का ते जरूर बघा.

आतली सिल, बाहेरची सिल, मधला पडदा आणि जॅकची जागा मिळून ४१० पौंडांचा पत्रा लागला. वेल्डिंगला आमच्या गल्लीतले एक निवृत्त वेल्डर मदतीला आले. त्यांनी सलग शिवण मारूच दिली नाही. इंचभर टाका, मग दोन फूट पलीकडे दुसरा टाका, तोवर पहिला थंड. पत्रा तापून वळू नये म्हणून. एक बाजू पूर्ण व्हायला रात्र झाली. फटी मोजल्या, खडूच्या आकड्यांशी जुळल्या.

१० डिसेंबर

मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) पुढच्या टोकाच्या पेट्या बदलल्या. १९६४ पासूनच्या गाड्यांना मागे अर्धलंबवर्तुळाकार पाटे आहेत, त्याआधी पाव पाटे असायचे. दोन्हींत पुढच्या टोकाची जागा कुजते, कारण चाकाचा चिखल तिथेच जाऊन बसतो. १२० पौंड. यापुढे सांगण्यासारखं काही नाही.

३० डिसेंबर

पुढचं सस्पेन्शन. या गाडीच्या खालच्या विशबोनच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या हाताच्या, बाहेरच्या टोकाला रबरी बुश नाही. आटे पाडलेली एक जाड पिन असते, फल्क्रम पिन. ती मधोमध किंगपिनच्या (चाक ज्याभोवती वळतं त्या उभ्या खिळीच्या) खालच्या डोळ्यातून जाते आणि तिथे कॉटरने, म्हणजे आडव्या पाचरीने, पक्की होते. तिची दोन्ही टोकं विशबोनच्या आट्यांमध्ये फिरतात. म्हणजे चाक वर-खाली होतं तेव्हा हे आटेच बेअरिंगचं काम करतात, आणि त्यांना जिवंत ठेवतं फक्त ग्रीस. ग्रीस वेळेवर मारलं तर व्यवस्था वर्षानुवर्षं चालते. नाही मारलं तर किंगपिन आणि विशबोन एकच लोखंड होऊन बसतात.

आमची डावी पिन निघाली. कॉटरचा नट काढून तो आडव्या ठोक्याने बाहेर काढला, पिनच्या टोकाच्या खाचेत जाड पट्टी घालून आधी घट्ट करायच्या दिशेने जराशी हलवली, मग उलट. आत पन्नास वर्षांचं ग्रीस दगडासारखं झालं होतं, पण ग्रीस होतं.

उजवी हललीच नाही. गंज सोडवणारं तेल आठवडाभर मुरवलं, गॅसने लाल होईपर्यंत तापवलं. खाचेचं एक पाळं तुटून आलं. कॉटर ड्रिल करून काढला तरी पिन तशीच. शेवटी किंगपिन आणि विशबोनच्या मधल्या फटीत करवतीचं पातं घालून पिन दोन्हीकडून कापली. कापलेल्या तुकड्यात ग्रीसची वाट नीट दिसली, ती गंजाच्या भुकटीने गच्च भरली होती. बाहेरून ग्रीस मारायचा निप्पल नवाकोरा चकचकीत. त्यातून मारलेलं ग्रीस पिनच्या पोटापर्यंत कधी पोचलंच नसणार, कडेने बाहेर येत राहिलं असणार.

या पिना अडकल्या असताना सस्पेन्शन चालत असतं, पण स्प्रिंग दाबली की विशबोन पिळवटतो. गाडी वळणात एकदा उजवीकडे चांगली वळते, डावीकडे ओढते, आणि माणूस टायर बदलत बसतो. शर्यतीची गाडी घेतलीत तर आधी हे बघा : स्प्रिंग काढून टाका आणि चाकाची बाजू हाताने वर-खाली करा. एका हाताने, सहज, शेवटपर्यंत जायला हवी.

दोन नवे विशबोन, पिना, किंगपिन, रीमर मारून बसवलेले बुश मिळून ३६० पौंड. बुशला रीमर मारायला इथल्या एका मशीन शॉपमध्ये दिलं होतं. पहिल्या खेपेला वरचा आणि खालचा बुश एका रेषेत आले नाहीत, किंगपिन घालताना अडकत होता. परत पाठवलं. त्यात पंधरवडा गेला.

१४ जानेवारी

पुढचा डँपर म्हणजेच वरचा विशबोन, त्याची दांडीच वरचा हात. डँपरची शाफ्ट ढिली झाली तर कँबर, म्हणजे चाकाचा उभा कल, जागेवर राहत नाही. घट्ट व्हॉल्व्ह घातलेले दुरुस्त डँपर आणले. कारखान्याचा कँबर पाऊण अंश बाहेरच्या बाजूला असतो. वरच्या ट्रनियनमध्ये (वरच्या सांध्यात) बाजूला भोक असलेले बुश घालून तो आतल्या बाजूला साधारण एक अंश आणला. वळणात गाडी कलू न देणारी दांडी, म्हणजे अँटी-रोल बार, ११/१६ इंचाचा. हे सगळं मिळून ३०० पौंडांच्या आत बसलं, आणि पुढे वेळेत जो फरक पडला त्यातला मोठा वाटा याच कामाचा आहे असं मला वाटतं.

११ फेब्रुवारी

इंजिन उघडलं. मिजेटमध्ये क्लच बदलायचा झाला तरी इंजिन बाहेर काढावं लागतं, तेव्हा एकदा बाहेर आलंय तर सगळं करून घ्यायचं.

बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, वरच्या टोकाला ८ थाउ जास्त झिजलेला. (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. या गाडीचं सगळं मोजमाप इंचातच ठेवलेलं बरं, पुस्तकं तशीच आहेत.) २० थाउ ओव्हरसाइझ पिस्टन घेतले, इंजिन १,२९३ सीसीचं झालं. हेड धुऊन रंगद्रव टाकून पाहिलं तर तिसऱ्या सिलिंडरमध्ये दोन व्हॉल्व्हच्या सीटमधून आरपार चीर. १२७५ च्या हेडला हा आजार ठरलेला आहे. दोन व्हॉल्व्हमध्ये धातू फार कमी आहे. दुसरं जुनं हेड १५० पौंडांना मिळालं, त्याच १२जी९४० साच्याचं. घेण्याआधी दुकानातच रंगद्रव टाकून बघितलं. त्यात बिनशिशाच्या पेट्रोलसाठी कडक एक्झॉस्ट सीट बसवून घेतल्या, १४० पौंड.

२५ फेब्रुवारी

बोअर नव्या मापाला कापून, म्हणजे रिबोर होऊन, आला. संध्याकाळी बाबांना व्हिडिओ लावला. बाबांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात उभी हयात रिबोरिंगमध्ये घालवली, ऑइल इंजिनपासून ट्रकपर्यंत. मी पिस्टनची रिंग बोअरमध्ये घालून फिलर गेज (फट मोजायची पट्टी) दाखवायला लागलो, त्यांनी तिथेच थांबवलं.

“अरे, रिंग सरळ बसलीय का ते आधी बघ. तिरकी असंल तर गेज खोटं बोलतंय.”

रिंग बोअरमध्ये बोटांनी ढकलली की कधीच सरळ बसत नाही. पिस्टन उलटा धरून त्याच्या डोक्याने ती इंचभर खाली सरकवायची, मग मोजायचं. बोअरच्या दर इंचाला ४ थाउ हा जुना हिशोब. आपला बोअर २.८ इंच, म्हणजे तोंडाची फट ११ ते १२ थाउ हवी. पाकिटातल्या दोन रिंगा ७ थाउच भरल्या. तशाच घातल्या असत्या तर इंजिन तापल्यावर तोंडं एकमेकांना भिडली असती, रिंग बोअर खरवडत गेली असती. बारीक कानस शिकंजात उभी धरली आणि रिंगचं एक टोक बाहेरून आत, एकाच दिशेने घासलं. दोन-तीन हात मारले की पुन्हा मोजायचं. शेवटी कडेचा बारीक कंगोरा तेलदगडावरून काढला. बारा रिंगांना रात्रीचा दीड वाजला. बाबांच्या घड्याळात तेव्हा सकाळचे सात वाजले होते, ते चहा घेत शेवटपर्यंत बघत होते.

३ मार्च

कॉम्प्रेशन मोजलं. कॅटलॉगात पिस्टनवर लिहिलेला आकडा धरू नका, तो कुठल्या तरी ठरावीक हेडसाठी असतो. हेड उलटं ठेवून त्यावर भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी ग्रीसने चिकटवली आणि ब्युरेटने पॅराफिन सोडत चेंबर भरला. चार चेंबरांत सर्वात लहान आणि सर्वात मोठा यांत १.१ सीसीचा फरक. लहान होते ते घासून मोठ्याच्या बरोबरीला आणले. चेंबर, पिस्टनमधली वाटी, गॅस्केट, पिस्टन आणि ब्लॉकच्या माथ्यामधली पोकळी, वरच्या रिंगवरची बारीक फट, सगळं मिळून ३४ सीसी. एका सिलिंडरचं आकारमान ३२३.२. म्हणजे (३२३.२ + ३४) ÷ ३४ = १०.५. इथल्या सुपर अनलेडेडवर आणि मी घातलेल्या कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) हे चालतं. १०.८ पर्यंत नेणारे आहेत, मला उन्हाळ्यात नॉक (पेट्रोल अवेळी पेटल्याची टकटक) ऐकत बसायचं नाही.

कॅमचं टायमिंग डिग्री डिस्क लावून तपासलं. कॅमच्या कार्डावर पहिल्या इनलेटची पूर्ण उचल १०६ अंशांवर. ठिपक्याला ठिपका जुळवून साखळी बसवली तेव्हा ती आली १११ वर. पाच अंश मागे. असा कॅम खालच्या आरपीएमला मेल्यासारखा वागतो आणि दोष कार्बोरेटरवर जातो. ऑफसेट चावी लावून १०६.५ वर आणला. चावीची किंमत ६ पौंड.

२४ मार्च

इंजिन चालू केलं. आधी प्लग काढून स्टार्टरवर फिरवत तेलाचा दाब वर येईपर्यंत थांबलो. सुरू झाल्यावर वीस मिनिटं २,००० ते २,५०० आरपीएम, आयडलवर अजिबात नाही. सपाट टॅपेटच्या कॅमला पहिल्या मिनिटांत तेल मिळतं ते उडणाऱ्या शिंतोड्यातून, आयडलवर ते पुरत नाही आणि कॅमचा माथा सोलला जातो. तेल जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं. गरम इंजिनला ६० पीएसआय.

मागून तेल गळतंय. ए-सिरीजच्या क्रँकला मागे रबरी सील नाही, तेल परत ओढणारे आटे आहेत फक्त. क्रँककेसमध्ये दाब साठला की ते आटे हार मानतात. ब्रीदरची जाड नळी काढून कॅच टँकला जोडली. गळती थेंबावर आली. तेल सांडणारी गाडी तपासनीस रस्त्यावर सोडत नाहीत, त्यामुळे हे काम टाळून चालत नाही.

१३ एप्रिल

रोलिंग रोडवर, म्हणजे चाकं रुळांवर फिरवून ताकद मोजतात त्या यंत्रावर, दिवस घालवला, २४० पौंड. जोडीचे दीड इंची एसयू कार्बोरेटर. या हेडला चार सिलिंडरांसाठी इनलेटची दोनच दारं आहेत, १-२ चं एक, ३-४ चं एक. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, म्हणजे २ नंबर ओढतो आणि तो पुरता बंद व्हायच्या आत त्याच दारातून १ नंबर ओढायला लागतो. पलीकडे ३ आणि ४ चं तसंच. एकाच्या वाट्याचं दुसरा पळवतो. कॅम जितका मोठा तितकी ही पळवापळवी जास्त. त्यामुळे चारही प्लग एका रंगाचे दिसतील ही अपेक्षा ठेवू नका.

एसयूची सुई म्हणजे संपूर्ण मिश्रणाचा नकाशा. खांद्यापासून दर १/८ इंचावर तिचा व्यास ठरलेला असतो. आपल्या सुईवर ४,५०० ते ५,५०० मध्ये मिश्रण पातळ होत होतं, वर-खाली ठीक. तेवढ्या दोन ठाण्यांवर सुई घासायची होती. सुई ड्रिलच्या तोंडात धरून, सर्वात बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून बोटांच्या चिमटीत धरला. मायक्रोमीटरवर अर्धा थाउ उतरला की थांबायचं. दोन्ही सुया सारख्या झाल्यावर पूर्ण थ्रॉटलला १२.९ चं गुणोत्तर शेवटपर्यंत सरळ आलं. इग्निशन एकूण ३० अंश, त्यापुढे नेऊन एकही अश्वशक्ती वाढली नाही, म्हणून तिथेच ठेवलं. चाकांवर ७१ अश्वशक्ती, ६,२०० ला.

२ मे

मॅलरी पार्कला चाचणी. तिथलं जेरार्ड्स हे उजवं वळण इतकं लांब आहे की तेलाला डाव्या भिंतीवर चढून बसायला भरपूर वेळ मिळतो. वळणाच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात दाब ६० वरून २० वर. लगेच पाय उचलला. संप (इंजिनखालची तेलाची परात) उतरवून आत बिजागरीची झडप असलेला पडदा वेल्ड केला, ३५ पौंडांचं सामान. हिल क्लाइम्बला एवढं लांब वळण नसतं, पण तीन मेन बेअरिंगच्या क्रँकला एकदाही कोरडं फिरवू नये.

१९ मे

लिचफिल्डजवळ कर्बरोला पहिली स्प्रिंट. तपासणीत थ्रॉटलला दुसरी परतीची स्प्रिंग लावायला सांगितली, बॅटरीच्या अर्थच्या वायरवर पिवळी टेप मागितली. पुढे टायमिंग स्ट्रट लागतो, १० इंच उंच, २ इंच रुंद, काळी पट्टी. तीच प्रकाशकिरण तोडते आणि घड्याळ सुरू होतं. या तीन गोष्टी घरून करून जा, तिथे रांगेत वेळ जातो.

तिसऱ्या सुटण्याला मागून धाड् आवाज आला आणि गाडी जागेवर. उजवी हाफशाफ्ट, म्हणजे मागचं चाक फिरवणारा दांडा, स्प्लाइनच्या (टोकाच्या खाचांच्या) मुळाशी तुटली. मूळची शाफ्ट ६५ अश्वशक्तीच्या आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या टायरच्या हिशोबाने होती. आता चिकट टायर, ५,००० ला सोडलेला क्लच. दोन्ही ईएन-२४ पोलादाच्या बसवल्या, २३० पौंड. मोडलेली एकच बदलू नका, दुसरीचंही वय तेवढंच असतं.

१६ जून

शेल्सली वॉल्श. वूस्टरशरमधला हा १,००० यार्डांचा चढ, १९०५ पासून त्याच वाटेवर शर्यत होतेय. दोन्ही बाजूंना झाडी, अरुंद रस्ता, आणि वरच्या एसेसमध्ये, म्हणजे नागमोडी वळणांत, बांध इतका जवळ की श्वास धरून वळायचं. या जागेवर स्वतःची गाडी लावायची म्हणून हे सगळं मांडलं होतं.

वेळ ४१.६ सेकंद. गाडीत त्याहून बरंच जास्त आहे. सुटतानाच इंजिन अडखळतंय, पहिले वीस मीटर खोकत जातं, मग एकदम मोकळं होतं आणि वरपर्यंत सुरेख ओढतं. सकाळी हे नव्हतं.

३० जून

आधी इग्निशनच्या मागे लागलो. कॉइल, रोटर आर्म, वायर, सगळं बदललं, ९५ पौंड गेले आणि फरक शून्य. मग शेल्सलीचे वेळेचे कागद पुढे घेऊन बसलो. त्यावर पहिल्या ६४ फुटांची वेळ वेगळी छापलेली असते, ती बहुतेक जण बघत नाहीत. सकाळच्या सुटण्याला २.७१. दुपारी ३.१२ आणि ३.०८. मधली एक २.७६. ही मधली कशी चांगली? तेव्हा पुढची गाडी आलीच नव्हती, म्हणून रांग पटकन सरकली होती. वाईट दोन्ही वेळा रांगेत बराच वेळ उभे होतो, इंजिन बंद, बॉनेट बंद, ऊन.

गॅरेजमध्ये तेच केलं. गाडी फिरवून गरम केली, बंद केली, कार्बोरेटरच्या फ्लोट बाउलला (पेट्रोल साठतं त्या वाटीला) तापमापक चिकटवला. बंद करताना ३८ अंश. दहा मिनिटांनी ६१. ए-सिरीजमध्ये इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, कार्बोरेटर एक्झॉस्टच्या थेट डोक्यावर. गाडी चालताना वारा उष्णता नेतो. उभी राहिली की सगळी धग वर. पेट्रोलमधले हलके घटक ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात, आणि इथेनॉल मिसळल्यावर वाफेचा दाब आणखी वाढतो. बाउलचं झाकण काढलं तर पेट्रोल चुलीवरच्या आधणासारखं बुडबुडत होतं. रोलिंग रोडवर मोठा पंखा समोर असतो, तिथे हे दिसणं शक्यच नव्हतं.

७ जुलै

उपाय एकेक करून, प्रत्येकाला मोजून.

मूळचा उष्णतारोधक पत्रा एकेरी होता. ॲल्युमिनियमचे दोन पत्रे मध्ये ८ मिलिमीटर हवा ठेवून, एक्झॉस्टच्या बाजूने चमकदार. बाउल ५४ वर आला. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डमध्ये १० मिलिमीटरचे फिनॉलिक स्पेसर : ४९. याने कार्बोरेटर बाहेर सरकतात, थ्रॉटलची दांडी नव्याने वाकवावी लागली आणि हवेचा फिल्टर आतल्या पत्र्याला घासायला लागला. तो बुटका घेतला. पेट्रोलची नळी थर्मोस्टॅटच्या घरावरून जात होती, ती खालून चाकावरच्या आतल्या पत्र्याच्या कडेने नेली आणि कार्बोरेटरच्या आधीच एक फाटा टाकीकडे परत सोडला, म्हणजे पंप चालू ठेवला की थंड पेट्रोल फिरत राहतं. ४४. मॅनिफोल्डला पट्टी गुंडाळायचा सल्ला पुष्कळ जण देतात. पट्टी ओल धरून ठेवते आणि आतून लोखंड खाते, म्हणून मी सिरॅमिकचा लेप करून घेतला. सर्वात महाग काम हेच, १८० पौंड, आणि त्याने आणखी तीन अंश उतरले. पैसे कमी असतील तर हे शेवटी करा.

याशिवाय रांगेतली शिस्त. बॉनेट उघडं, गाडी हाताने ढकलत पुढे न्यायची, इंजिन आपल्यापुढे दोन गाड्या उरल्या की चालू करायचं. सुटण्याच्या रेषेवरही गिअर शेवटच्या क्षणी टाकायचा. क्लचचं रिलीज बेअरिंग ग्रॅफाइटचं आहे, पाय दाबून उभं राहिलं की तेच झिजतं, आणि ते बदलायला पुन्हा इंजिन बाहेर.

१८ ऑगस्ट

पुन्हा शेल्सली, जूनपेक्षा जास्त ऊन. ६४ फुटांच्या वेळा २.६९, २.७२, २.७०, २.७१. रांग लांब असो की छोटी. सगळ्यात चांगली वेळ ३९.१.

या चढावर १९३० मध्ये शर्यतपटू हान्स श्टुकने ऑस्ट्रो-डाइमलर घेऊन ४२.८ चा विक्रम केला होता. त्या काळच्या टायरांवर, त्या ब्रेकांवर. वर पोचल्यावर थंड होईपर्यंत तेच डोक्यात होतं.

संध्याकाळी बाबांना कागदाचा फोटो पाठवला. त्यांनी वेळ विचारली नाही. “तेल किती खाल्लं?” एवढंच. दिवसभरात डिपस्टिकवर फरक दिसत नव्हता. रिंगा बसल्यात.

८ सप्टेंबर

हंगाम संपल्यावर संप काढून एक मेन आणि दोन बिग-एंड बेअरिंगची शेल बघितली. राखाडी, एकसारखी, कुठेही तांबं वर आलेलं नाही. म्हणजे पडदा काम करतोय. फल्क्रम पिनांचे निप्पल काढून पाहिले, ग्रीस दोन्ही टोकांतून ताजं बाहेर येतंय. मी ते प्रत्येक स्पर्धेनंतर मारतो, चाक जमिनीवरून उचलून, नाहीतर भाराखाली आट्यांच्या एकाच बाजूला पोचतं.

आतापर्यंतचा खर्च गाडीसकट ८,७०० पौंडांच्या आसपास. त्यात इंजिनचं सगळं मिळून २,९०० आणि पुढचं-मागचं सस्पेन्शन १,१०० च्या घरात. पुन्हा करायचं झालं तर सस्पेन्शन आणि उष्णतेचं काम आधी, मूळचं इंजिन धडधाकट असेल तर त्यावरच पहिला हंगाम काढेन.

हिवाळ्याचं काम ठरलंय. सध्या मागच्या आसाचा डिफ (शेवटची दातेरी जोडी) ३.९ चा आहे, शेल्सलीला वरच्या टोकाला तिसऱ्या गिअरमध्ये ५,४०० आरपीएमच दिसतात. सुरुवातीच्या १२७५ गाड्यांतला ४.२२ चा डिफ एका मोडीत काढलेल्या स्प्राइटमधून मिळाला आहे, ११० पौंडांना. क्राउन व्हीलच्या (डिफच्या मोठ्या चाकाच्या) दातांवर निळं लावून छाप घेतली, छाप दाताच्या टाचेकडे जास्त येतेय. शिम (जाडी भरणारी पातळ चकती) बदलून बघायचा आहे.